दोन पोझच्या मधलं

१

आप्पा काही केल्या जात नव्हता.

तेजस्विनी सकाळची आंघोळ उरकून, केसांचा टॉवेल तसाच डोक्यावर ठेवून कॉम्प्युटरपुढे बसली होती. खालच्या गल्लीतून पंचवटीच्या भाजीबाजाराचा गलका वर येत होता, टेबलावरच्या चहावर साय धरली होती आणि पडद्यावर आप्पा दारात उभा होता. आप्पा म्हणजे तिच्या एका मिनिटाच्या ॲनिमेशन फिल्ममधला म्हातारा. गोष्ट एवढीशीच: बाप गावाहून मुलीच्या खोलीवर येतो, चहा घेतो, ‘येतो’ म्हणतो आणि निघून जातो. बाकीचे सगळे शॉट झाले होते. शेवटचा, जाण्याचा, तेवढा राहिला होता आणि नेमकं तिथेच घोडं अडलं होतं.

तसं यात अवघड काही नव्हतं. आप्पा खुर्चीपाशी उभा, ही एक पोझ. दारापाशी पाठमोरा, ही दुसरी. दाराबाहेर, ही तिसरी. पोझ आपण लावायच्या, दोन पोझच्या मधलं कॉम्प्युटर भरतो. वर्षभर क्लासमध्ये ती हेच तर शिकली होती. मधलं जे भरलं जातं ते आपल्याला हवं तसं वळवून घ्यायचं, पण भरतो तोच.

तिने स्पेसबार दाबला. तो अडकला. रूममेट मेहविशने मागे त्यावर चहा सांडला होता, तेव्हापासून तो एका दाबात ऐकत नसे. दोनदा बुक्की घातल्यावर शॉट चालू झाला. आप्पा वळला, ‘येतो’ म्हणाला, चालत दाराशी गेला. उंबऱ्यावर थांबला आणि मान वळवून मागे पाहू लागला.

मान वळवायची पोझ तिने लावलीच नव्हती.

‘‘मेहविश, माझ्या फाइलला हात लावलास?’’

मेहविश मालेगावची. गॅलरीत दात घासत होती. तिने तोंडातल्या फेसासकट मान हलवली, नाही. तेजस्विनीचा विश्वास बसला नाही. तिने पोझची पट्टी मागे-पुढे करून पाहिली. उंबऱ्याजवळ काहीच नव्हतं. ज्या ठिकाणी काहीच नव्हतं ते ठिकाण तिने पुसलं, पुन्हा शॉट चालवला. आप्पाने पुन्हा मागे पाहिलं.

शनिवारी फिल्म द्यायची होती. पुण्याचा एक स्टुडिओ क्लासमधल्या फिल्म बघून दोन जणांना घेणार होता. घेतलं तर ठीक, नाहीतर पिंपळगावात जयराममामाच्या कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात तिच्यासाठी खुर्ची पुसून तयारच होती. आईला ती खुर्ची फार आवडली होती. पप्पांनी एक वर्ष मागून घेतलं होतं, आणि ते वर्ष आता संपत आलं होतं.

२

आप्पाची चाल पप्पांची होती, आवाजही त्यांचाच.

ॲनिमेशनवाले आधी तो प्रसंग स्वतः करून, त्याचा व्हिडिओ काढून, तो समोर ठेवून काम करतात. तेजस्विनीला म्हाताऱ्यासारखं चालता येईना आणि मेहविश चालली की हसू यायचं. तेवढ्यात पप्पाच आले. सोमनाथ म्हणजे तिचे पप्पा, टेम्पो चालवायचे. पिंपळगावहून टोमॅटो घेऊन नाशकात आले होते आणि गाडी रिकामी झाल्यावर लेकीला बघायला खोलीवर डोकावले होते. एकदा टेम्पोचा फाळका डाव्या पायावर पडला होता, तेव्हापासून त्या पायातली चप्पल जरा फरफटत चालत. तेजस्विनीने त्यांना चहा पाजला आणि मोबाइल उभा करून कामाला लावलं.

तिला लवकरच त्याचा पश्चात्ताप झाला. पप्पा कॅमेऱ्याकडे बघत चालायचे. खांद्यावरचा टॉवेल सारखा नीट करायचे. आणि दर वेळी ‘येतो’ म्हणून बाहेर गेले की लगेच दारातून डोकं आत घालून विचारायचे, ‘‘बरोबर झालं का?’’

‘‘पप्पा, तुम्ही परत का येता? तुम्ही गेलेले दिसले पाहिजेत.’’

‘‘अगं, येतो म्हणलं ना मी.’’

‘‘येतो म्हटल्यावर जायचं असतं.’’

‘‘मंग येतो कशाला म्हणायचं?’’ पप्पा मनापासून बुचकळ्यात पडले होते. ‘‘मंग काय, जातो म्हणू?’’

मेहविश पोट धरून हसली. तेजस्विनीला हसू आलं नाही. पुन्हा घ्यायला लावलं, पुन्हा आणि पुन्हा. दर वेळी तेच डोकं दारातून आत आणि तोच प्रश्न. शेवटी वैतागून तिने राहू द्या म्हटलं. पप्पांचा चेहरा थोडा उतरला. त्यांनी टेबलावरची टेम्पोची किल्ली उचलली, ‘‘येतो गं, बाळा,’’ म्हणाले आणि खरोखरचे निघून गेले. चप्पल फरफटत जिन्यावरून खाली गेल्याचा आवाज आला.

मोबाइल चालूच राहिला होता. तोच शेवटचा तुकडा अगदी हवा तसा मिळाला. त्यातलं ‘येतो’ तिने कापून आप्पाच्या तोंडी घातलं.

३

मागे वळून पाहिल्याच्या दुसऱ्या दिवशी आप्पा उंबऱ्यावर थांबून नुसता बघत राहिला नाही. तो पूर्ण वळला आणि एक पाऊल आत आला.

डावा पाय फरफटत आला. ती फरफट तिने मुद्दाम काढून टाकली होती. क्लासचे रविराज सर म्हणाले होते की पडद्यावर ती ॲनिमेटरची चूक वाटेल. काढून टाकलेली गोष्ट परत आलेली बघून तिला भीती वाटायला हवी होती, पण आधी रागच आला. हिला म्हणतात बिघडलेली फाइल. जुनी आवृत्ती उघडली असेल. आपोआप सेव्ह होताना काहीतरी मिसळलं असेल. तिने सगळ्या आवृत्त्या उघडून पाहिल्या, शॉट नव्या फाइलमध्ये घेतला, सगळ्या पोझ पुसून पुन्हा लावल्या. दुपार गेली. संध्याकाळी आप्पा दोन पावलं आत आला.

आत येऊन तो तिच्याकडेच बघायचा. म्हणजे कॅमेऱ्याकडे, असं तिने स्वतःला बजावलं.

क्लासमध्ये नेऊन सरांना दाखवायचं ठरवलं. मनातल्या मनात ती काय सांगायचं ते जुळवत होती, पण सरांच्या मशीनवर आप्पा शहाण्यासारखा चालत गेला आणि दाराबाहेर निघून गेला. तेजस्विनी तोंड उघडं टाकून बघत राहिली. सर म्हणाले, छान आहे की, कशाला एवढी कावलीस? फक्त सुरुवातीला खुर्चीपाशी तो उभा आहे ना, तिथे लक्ष दे.

‘‘पात्र असं नुसतं थांबवायचं नाही. नुसतं थांबवलं की मेलं. श्वास दे, निदान पापणी तरी हलव.’’

तिने मान डोलावली. खोलीवर येऊन पापणी हलवली आणि शॉट चालवला. आप्पा तीन पावलं आत आला.

तेव्हा तिच्या डोक्यात एकच फरक आला. सरांच्या मशीनला स्पीकर नव्हता. तिने आवाज बंद केला, आप्पा गेला. आवाज चालू केला, आप्पा परत आला. बंद, गेला. चालू, आला. कितीही वेळा केलं तरी तसंच. पडद्यातल्या बाहुल्याला कान नसतात, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. तरीही ती खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकून बसली.

४

मेहविशला तिने सगळं दाखवलं. मेहविशने बघितलं, ओढणीचं टोक दाताखाली धरून पुन्हा बघितलं, आणि पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही.

‘‘तेजू, तो बोलतोय ते करतोय ना यार. येतो म्हणतोय. मग येतोय.’’

‘‘येतो म्हणजे जातो.’’

‘‘हे तुला नि मला माहीत आहे. मधलं भरणाऱ्याला कुठे माहीत आहे?’’

तेजस्विनीला हे ऐकून असा काही संताप आला की तिने मेहविशला चहा करायला पिटाळलं. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवायचा नाही, पण फिल्म तर द्यायची. आवाज बंद करून देता येत नव्हती. सगळ्या फिल्ममध्ये तोच एक शब्द होता आणि गोष्ट सांगितली तेव्हा सरांना तोच आवडला होता. मग शब्द बदलून बघायला काय हरकत होती? तिने पप्पांना फोन लावला. पप्पा घोटीच्या पुढे टेम्पो कडेला लावून जेवत होते. तिने सांगितलं की फोनमध्ये फक्त एकदा ‘जातो’ म्हणा, मी इकडे टिपून घेते.

पलीकडे चावायचा आवाज थांबला.

‘‘असं नाय म्हणायचं, बाळा. ड्रायव्हरच्या घरात ह्यो शब्द नसतो.’’

‘‘पप्पा, फिल्म आहे ती. खोटं खोटं आहे.’’

‘‘दुसरं काय बी म्हणतो. हे नाय म्हणणार.’’

तिने विनवण्या केल्या, मग चिडली, मग फोन ठेवून दिला. वर्षभर त्यांच्या लेकीने डोळे फोडले त्याचं काही नाही, आणि एका शब्दाचा एवढा बाऊ. थोड्या वेळाने आईचा फोन आला. पप्पांनी चुगली केली होती. रस्त्यावर असलेल्या माणसाकडून हे असलं वदवून घेतेस, तुला काही वाटतं का, असं आई बरंच काही बोलली. तेजस्विनी मोबाइल कानापासून लांब धरून बसली. आणि तशी बसलेली असतानाच तिला आठवलं की पप्पांनी तो शब्द कधीच म्हणून ठेवला आहे.

मोबाइलमधल्या त्या फसलेल्या तुकड्यात तो होता. ‘मंग काय, जातो म्हणू?’ पुढचं-मागचं कापून टाकलं. मागे मेहविशचं हसू होतं, तेही पुसलं. राहिला तेवढा एक शब्द. प्रश्नातून उपटून काढल्यावर तो प्रश्न वाटेना. ऐकायला सरळ, शांत वाटला, निघालेल्या माणसाचा.

मेहविश चहा घेऊन आली, तिने तो ऐकला आणि कप खाली ठेवला. ‘‘नको लावूस,’’ एवढंच म्हणाली.

५

आप्पा वळला. ‘जातो,’ म्हणाला.

चालत दाराशी गेला. चाल इतकी सुंदर उतरली होती की तेजस्विनी क्षणभर सगळा त्रास विसरली. खांदा थोडा पडलेला, हात मोकळे, पायात नको ती फरफट नाही. तिने केलेल्या कामापेक्षा ते चांगलं होतं, आणि ते तिला खुपलंही. उंबऱ्यावर आप्पा थांबला. त्याने मान वळवली आणि ओठ हलवले. आवाज नव्हता. पण ते ओठ काय म्हणत होते ते तिला कळलं, कारण पप्पा खोलीवर आले त्या दुपारी तिने तोच प्रश्न इतक्यांदा ऐकला होता.

‘‘हो, बरोबर झालं,’’ ती कावून मोठ्याने म्हणाली. ‘‘जा आता एकदाचा.’’

आप्पा गेला. दार रिकामं राहिलं, बाहेरचा उजेड फरशीवर पडलेला राहिला. तिला हवं होतं तसं गेल्याचं दिसत होतं. तिने लगेच कॉम्प्युटरला फिल्म तयार करायला लावलं. बाहेर पडलेल्या फिल्ममध्ये आप्पा मागे वळून बघत नव्हता, सरळ जात होता. बरंच झालं म्हणायचं. शनिवारी दुपारी ती देऊन टाकली आणि मेहविशला मिसळ खायला नेलं. मेहविशने पावाचे तुकडे करून ठेवले, खाल्ले नाहीत.

रविवारी सकाळी सरांचा मेसेज आला. स्टुडिओने दोघांत तिचं नाव घेतलं होतं. शेवटचा शॉट बघून त्यांच्यातलं कोणीतरी रडलं म्हणे. तेजस्विनी गॅलरीत उभी राहून तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचत होती. पप्पांना आधी सांगायचं की आईला, हे ती ठरवतच होती तेवढ्यात आईचाच फोन आला.

६

‘‘तेजू, पप्पा तिकडं आलेत का?’’

तेजस्विनीने नाही म्हटलं. आई तुटक तुटक सांगू लागली. सकाळी चहा झाला. पप्पा उठले, दाराशी गेले. रोजच्यासारखं काहीतरी म्हणाले, तिने भाकरी थापता थापता हं म्हटलं. आणि मग तिच्या ध्यानात आलं की ते रोजचं म्हणाले नव्हते.

‘‘जातो म्हणाले गं. सरळ. मी म्हणलं, काय बोलताय सकाळी सकाळी? तर दारात थांबून माझ्याकडं बघितलं नि गेले. पाय बी वढत नव्हते.’’

टेम्पो अंगणातच होता. किल्ली खिळ्याला, मोबाइल फळीवर. जयराममामा मोटरसायकल घेऊन हायवेला दोन्हीकडे जाऊन आला होता. चौकातल्या चहावाल्याने त्यांना बघितलं नव्हतं. वाटेवरच्या पॅकहाऊसच्या बायकांनी बघितलं नव्हतं. दारातून बाहेर पडल्यावर त्यांना कोणीच बघितलं नव्हतं.

येतील, कुठेतरी गेले असतील, असं तेजस्विनी म्हणाली आणि तो ‘गेले’ शब्द आपल्याच तोंडून ऐकून तिने जीभ चावली. आईला फोन चालूच ठेवायला सांगून तिने मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर चालू केला आणि फाइल उघडली.

खोली, खुर्ची, दार. आप्पा कुठेच नव्हता. पहिल्या पोझलाही नव्हता.

याला कारण असेल, ती स्वतःशी म्हणाली. फाइल बिघडलेली आहे, पहिल्यापासूनच बिघडलेली आहे. एका मनाने ती हे म्हणत होती आणि तिचे हात तो कापलेला ‘जातो’ काढून टाकत होते. त्या जागी तिने पप्पांचं जुनं ‘येतो’ लावलं. या वेळी ‘गं, बाळा’सुद्धा कापलं नाही, अख्खं लावलं. पप्पा, मला फिल्म नको, स्टुडिओ नको, मी मामाच्या खुर्चीत जन्मभर बसते, असं ती पुटपुटत होती. स्पेसबारवर तिने दोन बुक्क्या घातल्या.

७

‘येतो गं, बाळा,’ रिकाम्या खोलीत आवाज आला.

काही झालं नाही. मग फरशीवरच्या उजेडात सावली पडली. दारातून आप्पा आत आला, डावा पाय ओढत. खुर्चीपाशी येऊन उभा राहिला.

‘‘आले,’’ फोनमध्ये आई ओरडली. ‘‘आले गं बाई, दारातून आत आले. अहो, कुठं होता तुम्ही?’’

तेजस्विनीला रडू फुटलं. तिने डोळे पुसले तोवर पडद्यावर आप्पा वळला होता. ‘येतो गं, बाळा.’ दाराकडे चालू लागला, उंबरा ओलांडून बाहेर गेला.

‘‘आता परत कुठं निघाले?’’ आई म्हणत होती. ‘‘अहो, थांबा की. तेजू, हे परत बाहेर गेले.’’

तेव्हा तिला समजलं. शॉट संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. ॲनिमेटर तसाच लावून ठेवतात, चूक सापडेपर्यंत तेच तेच बघायला. आप्पा आत आला. ‘‘आले,’’ आई म्हणाली. आप्पा वळला, गेला. आई काहीतरी बोलली ते समजलं नाही. आप्पा पुन्हा आला तेव्हा त्याच्या डाव्या पायात चप्पल नव्हती. छाती वर-खाली होत होती. छाती हलवायची सोय तिने त्या बाहुल्यात केलीच नव्हती. फोनमधून कोणाची तरी धाप ऐकू येत होती आणि धापेतूनच पप्पांनी विचारलं, ‘‘बरोबर झालं का?’’

‘‘बरोबर झालं, पप्पा,’’ ती मोबाइल तोंडाशी धरून म्हणाली. ‘‘खूप छान झालं. आता बसा. आई, त्यांना धर. बसव त्यांना.’’

‘‘धरलं तरी राहत नाहीत गं.’’ आईचा आवाज रडकुंडीला आला होता. ‘‘हात सुटतो.’’

थांबवायला हवं होतं. ते आत असताना थांबवायला हवं होतं, हे तिला स्पष्ट दिसत होतं. आप्पा बाहेर गेला, तिने जाऊ दिलं. दार रिकामं झालं. तिने बोट स्पेसबारवर ठेवलं. सावली पडली. आप्पा उंबरा ओलांडून आत आला, खुर्चीपाशी आला, मान वर करून त्याने थेट तिच्याकडे पाहिलं. हा चेहरा तिने बनवलेला नव्हता, त्यावर पप्पांच्या हनुवटीवरचा जुन्या टाक्याचा व्रण होता. तिने दाबलं.

स्पेसबार अडकला.

तिने बुक्की घातली, पुन्हा घातली, मेहविशच्या त्या चहाला शिव्या देत तिसरी घातली. शॉट थांबला.

आप्पा पाठमोरा दारात होता. एक पाय आत, दुसरा उंबऱ्याबाहेर उचललेला, हात अर्धवट. तिने लावलेली एकही पोझ तशी नव्हती. दोन पोझच्या मधलंच काहीतरी होतं ते. खाली बाजारात कोणीतरी मेथीचा भाव ओरडत होतं. फोनमध्ये धापेचा आवाज बंद झाला होता. पुन्हा चालू करावं की नाही ते तिला कळेना. बोट स्पेसबारवरच राहिलं.

‘‘तेजू,’’ आई फार हळू म्हणाली, ‘‘हे असे उंबऱ्यावर का थांबले गं? पापणीसुद्धा हलवत नाहीत.’’